छातीठोक अंदाजाचा हिशोब

निवडणूक आली की चॅनेलवर तेच विश्लेषक, तेच छातीठोक आकडे, आणि निकाल उलटा लागला तरी पुढच्या वेळी तीच मंडळी परत हजर. यांचा हिशोब कोणी ठेवतं का? ठेवलाय की, अमेरिकेत. तिथल्या पॉलिटिकल सायन्स असोसिएशनचा राजकीय मानसशास्त्र विभाग चांगल्या पुस्तकाला रॉबर्ट लेन यांच्या नावाने अवॉर्ड देतो, २००६ ला ते मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉकच्या 'एक्स्पर्ट पॉलिटिकल जजमेंट'ला मिळालं. या बाबाने जवळपास वीस वर्षं २८४ तज्ज्ञांकडून हजारो अंदाज घेतले, आणि तेही टक्क्यांत, कारण 'शक्यता नाकारता येत नाही' म्हणणारा माणूस कधी चुकतच नाही.

खरी गंमत मार्क देण्यात आहे. त्यासाठी ब्रायर स्कोअर, जो ग्लेन ब्रायरने १९५० ला हवामानाच्या अंदाजांसाठी काढला. घटना घडली तर १, नाही तर ०, त्यातून तुमचा अंदाज (९० टक्के म्हणजे ०.९) वजा करा आणि वर्ग करा, स्कोअर जितका कमी तितकं चांगलं. ९० टक्के म्हणालात आणि घडलं तर ०.१ चा वर्ग म्हणजे फक्त ०.०१, पण नाही घडलं तर थेट ०.८१! आता समजा एकजण दर वेळी ९० टक्के म्हणतो आणि दहापैकी सात वेळा बरोबर येतो. सात वेळा ०.०१ अधिक तीन वेळा ०.८१, बेरीज २.५, सरासरी ०.२५. आणि जो काहीच माहीत नसल्यासारखा दर वेळी ५० टक्के म्हणतो त्याचा स्कोअर? तोही ०.२५! म्हणजे सात वेळा बरोबर येऊनही कमाई शून्य, सगळी फुशारकीत गेली. हाच माणूस गप ७० टक्के म्हणाला असता तर ०.२१ वर आला असता.

टेटलॉकला दिसलं ते असं की तज्ज्ञांनी 'अशक्य' म्हटलेल्या गोष्टींपैकी साधारण १५ टक्के घडल्या. एकाच मोठ्या थिअरीत सगळं बसवणारे जास्त चुकले, चार बाजूंनी बघून 'पण' 'परंतु' करणारे त्यातल्या त्यात बरे, आणि जितका नावाजलेला तज्ज्ञ तितका अंदाज कच्चा. चुकल्यावरची उत्तरं तर ऐकण्यासारखी, 'थोडक्यात हुकलं', 'होणारच आहे, वेळ मागेपुढे झाली'.

ही उत्तरं आपल्याकडे ज्योतिषीही देतात म्हणा. पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर वगैरेंनी ज्योतिषांना हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ओळखायला दिल्या होत्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली, ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं.

पुढे २०११ ला अमेरिकन गुप्तचर यंत्रणांच्या संशोधन संस्थेने अंदाजांची स्पर्धाच लावली, मार्क ब्रायर स्कोअरनेच. टेटलॉक आणि बार्बरा मेलर्स यांनी हौशी सामान्य लोकांची टीम उतरवली, आणि तीच जिंकली.