क्रीडापटू मुलांची अ‍ॅलर्जी तपासणी (कोकण किनारा)

मैदानी खेळ खेळणाऱ्या वा पोहणाऱ्या मुलामुलींना कोणत्या अन्नाची, कीटकदंशाची किंवा हवेतील कणांची अधिहर्षता (अ‍ॅलर्जी) आहे आणि धावपळीने ती बळावते का, हे स्पर्धांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी शोधून काढण्याची वैद्यकीय पद्धत. आधी पूर्ववृत्त, मग अंगतपासणी व श्वासमापन आणि संशय उरलाच तर त्वचेची किंवा रक्ताची चाचणी, असा तिचा क्रम आहे. सरसकट सगळ्या मुलांच्या रक्तचाचण्या करून सुरुवात करणे चुकीचे ठरते, कारण रक्तात प्रतिपिंड सापडले म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच असे नसते. त्यापायी मुलाचे जेवण विनाकारण तोडले जाते.

या विषयाचा उगम समुद्राशी जोडलेला आहे. शार्ल रीशे व पोल पॉर्त्ये हे फ्रेंच शास्त्रज्ञ १९०१ मध्ये मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या नौकेवरून सफरीला गेले आणि फायसेलिया या निळसर तरंगत्या जलचराच्या विषावर त्यांनी काम केले. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर मुंबईच्या किनाऱ्याला लागणारे ‘ब्लू बॉटल’ ते हेच. तीव्र सर्वांगीण प्रतिक्रियेचा (अ‍ॅनाफिलॅक्सिस) शोध या नौकेवरच लागला असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आढळते. तथापि निर्णायक निरीक्षण सफरीनंतर पॅरिसच्या प्रयोगशाळेतले, तेही समुद्रपुष्पाचे (सी अ‍ॅनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या सागरी प्राण्याचे) विष दुसऱ्यांदा अल्प मात्रेत टोचलेल्या कुत्र्यांवरचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ते १९०२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९१३ चे नोबेल पारितोषिक एकट्या रीशे यांना मिळाले. पॉर्त्ये यांच्या वाट्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केला.

व्यायामाशी असलेला संबंध बराच उशिरा ध्यानात आला. लांब पल्ल्याच्या एका धावपटूला कवचधारी जलचर खाल्ल्यानंतर काही तासांनी धावताना तीव्र प्रतिक्रिया आली, असा वृत्तांत १९७९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नुसते खाऊन किंवा नुसते धावून काही होत नव्हते; दोन्ही एकत्र आले की होई. शेफर व ऑस्टिन या अमेरिकी वैद्यक संशोधकांनी १९८० मध्ये व्यायामजन्य प्रतिक्रियेची स्वतंत्र विकार म्हणून मांडणी केली, म्हणून काही लेखक आरंभ तेथून धरतात. अन्नाचा दुवा पाहता १९७९ हेच वर्ष धरणे सयुक्तिक होय. गहू हे अशा प्रतिक्रियेचे दुसरे ठळक कारण आहे.

कोळंबीतील मुख्य अ‍ॅलर्जीकारक म्हणजे स्नायूंमधील ट्रोपोमायोसीन हे प्रथिन. ते १९९३ मध्ये निश्चित झाले. या कामात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सुब्बा राव यांच्या गटाचा वाटा होता आणि अभ्यासलेली जात आपल्याच समुद्रातील पांढरी कोळंबी होती. हे प्रथिन उष्णतेने नष्ट होत नाही. त्यामुळे कालवण कितीही उकळले तरी धोका टळत नाही आणि सोड्यांत (सुकवलेल्या कोळंबीत) व सुक्या जवळ्यात तो तसाच राहतो. धुळीतील सूक्ष्म कीटक (माइट) व झुरळे यांच्यातही जवळजवळ असेच प्रथिन असते. दमट घरात या कीटकांना संवेदनशील झालेल्या मुलाची चाचणी म्हणूनच कोळंबीलाही होकारार्थी येऊ शकते. माशांचे मुख्य प्रथिन पार्व्हाल्ब्युमीन निराळे आहे. ज्याला कोळंबी सोसत नाही त्याला सुरमई चालू शकते.

कोकणात पूर्ववृत्त घेणारा नेमका येथेच चुकतो. ‘मासे खातोस का?’ या प्रश्नात बांगडा, कुर्ल्या, तिसऱ्या आणि कालवे सगळेच येते. प्रत्येकाचे नाव घेऊन विचारावे लागते. वांग्याच्या भाजीतला सोडा, चटणीतला जवळा तर मूल मोजतही नाही. श्रावण पाळणाऱ्या घरात त्या महिन्यात त्रास थांबला होता का, हा प्रश्न फार उपयोगी पडतो. याउलट बांगडा किंवा कुपा बर्फाविना राहिला तर जंतूंमुळे त्यात हिस्टामीन हे खाज व लाली आणणारे रसायन साठते आणि खाणाऱ्याचे तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते. ही विषबाधा आहे, अ‍ॅलर्जी नव्हे. एकाच ताटावरच्या अनेकांना एकदम त्रास झाला असेल तर आधी हीच शंका घ्यावी.

दुसरी अडचण शब्दाची. अंगावर गांधी उठल्या की घरात ‘पित्त उठले’ म्हणतात, आमसुलाचे पाणी चोळतात आणि तासाभरात मूल पुन्हा मैदानात जाते. खाज शमते आणि प्रसंग विसरला जातो. म्हणून ‘अ‍ॅलर्जी आहे का?’ याला ‘नाही’ असे उत्तर येते. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘खेळताना कधी पित्त उठले का, त्या दिवशी काय जेवला होतास, ओठ सुजले होते का, घशात आवळल्यासारखे झाले का?’ एवढे प्रश्न मुलाच्या आईसमोर विचारले गेले तर पुढच्या निम्म्या चाचण्या लागणार नाहीत. खेळाडूंसाठी ‘अ‍ॅक्वा’ ही प्रमाणित प्रश्नावली इटलीत तयार होऊन २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती वापरतानाही हे बोलीतले शब्द घालून घ्यावे लागतील.

त्वचाचाचणीत हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करून प्रत्येक खुणेशी संशयित पदार्थाच्या अर्काचा एक थेंब ठेवतात आणि थेंबातून बारीक टोक हलकेच टोचतात. रक्त येऊ द्यायचे नसते. जोडीला तुलनेसाठी हिस्टामीनचा व नुसत्या द्रावणाचा थेंब असतो. पंधरा ते वीस मिनिटांनी उठलेली फुगवटी नुसत्या द्रावणाच्या खुणेपेक्षा ३ मिमी. वा अधिक मोठी असल्यास चाचणी होकारार्थी. सर्दी-खाजेच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, एरवी निकाल खोटा नकारार्थी येतो. काजूच्या टरफलाच्या तेलाने किंवा आंब्याच्या चिकाने उठणारे चट्टे या चाचणीत दिसत नाहीत. ती उशिरा येणारी स्पर्शजन्य प्रतिक्रिया असून तिच्यासाठी पट्टीचाचणी (पॅच टेस्ट) करतात. काजूगर खाऊन येणारी प्रतिक्रिया मात्र तात्काळ आणि जिवावर बेतणारी असू शकते.

व्यायामजन्य दम्यासाठी सहा ते आठ मिनिटे जोरात धावायला लावून आधीची व नंतरची फुंकर मोजतात. पहिल्या सेकंदातील उच्छ्वास १० टक्के वा अधिक घटल्यास दम्याचा संशय बळावतो. कोरड्या थंड हवेत हा त्रास अधिक होतो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या दमट हवेत सराव करताना निभावलेला मुलगा हिवाळ्यात घाटावरच्या स्पर्धेत धापा टाकू लागतो.

शासकीय पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्यातील तपासणीत दमा व त्वचाविकार येतात. अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा स्वतंत्र रकाना नाही.

तपासणीत धोका आढळलेल्या मुलाने त्रासदायक अन्न खाल्ल्यावर निदान चार तास व्यायाम टाळावा आणि एकट्याने सराव करू नये, विशेषतः समुद्रात पोहताना. तीव्र प्रतिक्रियेवर पहिला उपचार अ‍ॅड्रिनॅलिनचा: वजनाच्या दर किलोला ०·०१ मिग्रॅ., मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत. आपोआप टोचणारी पेने भारतात सहज मिळत नसल्याने कुपी, सिरिंज व ती भरता येणारी व्यक्ती मैदानाजवळ असावी लागते. स्पर्धेच्या काळात अ‍ॅड्रिनॅलिन प्रतिबंधित उत्तेजकांत मोडते, पण तेवढ्यासाठी ते रोखून धरू नये. आणीबाणीतील वापरासाठी उपचारार्थ सवलतीचा अर्ज नंतर करता येतो.