तोट्याने नाही, रिकाम्या खात्याने बुडतात स्टार्टअप

मंदी आली की तोट्यातले स्टार्टअप बुडतात, नफ्यातले तरतात, हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. साफ चूक. अ‍ॅमेझॉनचंच बघा. फेब्रुवारी 2000 मध्ये, डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा, फुगा फुटायच्या तोंडावर, तोट्यातल्या या कंपनीने रोखे विकून 69 कोटी युरो उभे केले. पुढे शेअर 90 टक्क्यांहून जास्त आपटला. पण हाताशी रोकड होती. पहिला वार्षिक नफा दिसला थेट 2003 मध्ये!

उलट, कागदावर नफा असूनही ग्राहकाने बिल 90 दिवस लटकवलं की पगाराच्या तारखेलाच घाम फुटतो.

समजा, खात्यात 120 लाख आहेत आणि महिन्याला 10 लाख जात असतील, तर पैसे पुरायची मुदत 12 महिने. वापरात नसलेले सर्व्हर बंद करून खर्च 8 लाखांवर आणला, तर तीच 15 महिने. (सगळ्यांना आधी माणसं काढणंच का सुचतं, कोण जाणे.) वार्षिक वर्गणी आगाऊ मिळाली, तर आणखी सवड.