ग्लुकोनिओजेनेसिस म्हणजे उलटं ग्लायकोलिसिस नव्हे

दरवर्षी उत्तरपत्रिकांत तेच वाक्य: ‘ग्लुकोनिओजेनेसिस ही ग्लायकोलिसिसची उलट क्रिया आहे.’ लाल पेनं संपली, वाक्य काही संपेना.

ग्लायकोलिसिस, म्हणजे ऊर्जेसाठी ग्लुकोज फोडणं, तुम्हाला पाठ आहे. दहा पायऱ्या, एका ग्लुकोजचे दोन पायरुवेट, पदरात 2 एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन). पुढे चला. ग्लुकोनिओजेनेसिस म्हणजे लॅक्टेट, ग्लिसरॉल, अमिनो आम्लं यांच्यापासून नवं ग्लुकोज घडवणं. मुख्यतः यकृतात, थोडंफार मूत्रपिंडात. (साठवलेलं ग्लायकोजेन फोडणं हा तिसराच प्रकार, तो इथे घुसडू नका.)

घोळ होतो कारण दहापैकी सात पायऱ्या खरोखरच सामाईक आहेत. पण पहिली, तिसरी आणि दहावी म्हणजे कड्यावरून मारलेली उडी. तिथूनच परत वर चढता येत नाही, वळसा घालावा लागतो. दहावीच्या वळशाला तर दोन एन्झाइम लागतात, त्यातलं पहिलं मायटोकाँड्रियात. खर्चही बघा: दोन पायरुवेटचं एक ग्लुकोज करायला 4 एटीपी आणि 2 जीटीपी (एटीपीच्याच तोलाचं चलन). उतरताना मिळाले दोन, चढताना गेले सहा. दोन्ही वाटा एकदम वाहत्या ठेवल्या तर फेरीमागे चार फुकट.

वाटा वेगळ्या, म्हणूनच कुलपंही वेगळी. खरी गंमत तिसऱ्या पायरीवर आहे. उतरताना (ग्लायकोलिसिस) फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-1 हे एन्झाइम, चढताना (ग्लुकोनिओजेनेसिस) फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फटेज. यकृतात या दोघांना एकच रेणू खेळवतो: फ्रुक्टोज-2,6-बिसफॉस्फेट. बेल्जियममध्ये हेर्स यांच्या प्रयोगशाळेत तो 1980 मध्ये सापडला. पहिल्याला तो चेव आणतो, दुसऱ्याला लगाम घालतो. जेवण झालं, इन्सुलिन वाढलं की हा वाढतो. पोट रिकामं राहून इन्सुलिनच्या उलट काम करणारं ग्लुकागॉन चढलं की घटतो आणि ग्लुकोज बनू लागतं. आणि हात जोडून सांगतो, 1,6 आणि 2,6 एक समजू नका. 1,6 (फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेट) हा वाटेवरचा प्रवासी. 2,6 हा चौकातला हवालदार; स्वतः कुठेच जात नाही.

स्नायूंबद्दल एवढंच: त्यांच्याकडे पहिल्या पायरीच्या वळशाचं एन्झाइम, ग्लुकोज-6-फॉस्फटेज, नसतं, त्यामुळे ते रक्तात ग्लुकोज सोडत नाहीत. लॅक्टेट सोडतात, त्याचं ग्लुकोज यकृत करतं.

ग्लुकोनिओजेनेसिसचं उदाहरण म्हणून एकादशी लिहिणाऱ्यांना मी अर्धाच मार्क देतो. साबुदाण्याची खिचडी म्हणजे बव्हंशी स्टार्च, बशी रिकामी होईस्तोवर इन्सुलिन हजर. निर्जळी एकादशी लिहा, पूर्ण देईन.