ट्रेसरूटमधले स्टार आणि ‘लॉस’चा घोळ

ट्रेसरूट म्हणजे पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) वाटेत कोणकोणत्या राउटरमधून जातं ते ओळीगणिक दाखवणारी कमांड. तिच्या पाचव्या ओळीवर तीन स्टार, म्हणजे तिथून उत्तर नाही, असं दिसलं की ग्राहकाचा स्क्रीनशॉट येतोच: ‘तुमचा राउटर पॅकेट खातोय.’ खालच्या सगळ्या ओळी नीट भरलेल्या असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

१९८१ च्या आयपी मानकात टीटीएल, म्हणजे पॅकेटवर लिहिलेलं त्याचं उरलेलं आयुष्य, सेकंदांत मोजायचा होता. वाट चुकलेलं पॅकेट कायम फिरत राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पण प्रत्येक राउटरनं त्यातून निदान एक तरी वजा करायचाच, असा नियम असल्यानं सेकंद कागदावर राहिले आणि मोजणी हॉपची, म्हणजे वाटेतल्या राउटरची झाली. १९८७-८८ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत याचाच फायदा घेतला गेला: टीटीएल एक, दोन, तीन असा वाढवत जायचं आणि पॅकेट टाकून देणारा राउटर ‘मुदत संपली’ असं कळवतो, त्यावरून त्याचा पत्ता टिपायचा. म्हणजे ट्रेसरूटसाठी राउटरमध्ये वेगळी सोय अशी कधी नव्हतीच. राउटर उत्तर देतो ते सवडीनं.

खरा घोळ १९९५ चा. राउटरनी कसं वागावं हे सांगणारा दस्तऐवज त्या वर्षी आला आणि असे त्रुटी-संदेश किती वेगानं पाठवायचे यावर राउटरला मर्यादा घालता यावी, असं त्यात म्हटलं गेलं. निर्णय योग्यच होता. पुढे जाणारी पॅकेट हार्डवेअर परस्पर ढकलतं, पण ‘मुदत संपली’चं उत्तर सहसा राउटरच्या सीपीयूला तयार करावं लागतं आणि त्याला रूटिंगची कामं असतातच. मात्र ही मर्यादा किती असावी, हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं गेलं. नंतर सतत ट्रेस करून हॉपगणिक टक्केवारी दाखवणारं एमटीआर हे साधन आलं आणि त्यात या न दिलेल्या उत्तरांनाही ‘लॉस’च (पॅकेट हरवणं) म्हटलं गेलं. माझ्या मते निम्मी भांडणं या एका शब्दानं लावली. सहाव्या हॉपवर ४० टक्के आणि शेवटच्या हॉपवर शून्य, तर हरवलं काहीच नाही. लॉस एका हॉपपासून सुरू होऊन थेट शेवटपर्यंत टिकला, तरच दखल घ्यायची.

पुढे एमपीएलएसनं, म्हणजे पॅकेटवर लेबल लावून ते कंपनीच्या नेटवर्कमधून पुढे ढकलण्याच्या पद्धतीनं, मधले हॉप लपवले. लोड बॅलन्सिंगमुळे, म्हणजे ट्रॅफिक अनेक वाटांवर वाटून दिल्यामुळे, एकाच ट्रेसमध्ये दोन वाटांचे राउटर मिसळू लागले. त्यावर २००६ मध्ये सुधारित ट्रेसरूट निघालं, पण नेहमीच्या मशीनवर आजही बहुधा जुनंच असतं.

राहिली परतीची वाट. ती ट्रेसमध्ये दिसत नाही, पण मिलिसेकंदांत तिचाही वेळ धरलेला असतो. २००३ मध्ये इंटरनेट कंपन्यांना आपसात ट्रॅफिक देण्याघेण्यासाठी देशांतर्गत एक्स्चेंज सुरू होण्याआधी भारतातल्याच दोन इंटरनेट कंपन्यांमधला ट्रॅफिक परदेशात जाऊन यायचा. आजही जाताना मुंबईतच राहिलेलं पॅकेट येताना सिंगापूरवरून वळून आलं, तर ट्रेसमध्ये सगळे पत्ते मुंबईचे आणि वेळ मात्र साठ-सत्तर मिलिसेकंद असं दिसतं. ते उलगडायला समोरच्या टोकाकडून उलटा ट्रेस मागवावा लागतो आणि तो बहुतेक वेळा मिळत नाही.