डक्टखालचे स्प्रिंकलर

कारखान्याच्या छताखालून जाणाऱ्या रुंद डक्टच्या (हवा वाहून नेणारा पत्र्याचा मार्ग) तळाशी बसवलेले स्वयंचलित पाण्याचे फवारे. छतालगतच्या हेडमधून (फवाऱ्याचे तोंड) पाणी उघड्या छत्रीच्या आकारात खाली येते. वाटेत डक्ट आडवा आला की त्याच्याखाली कोरडा पट्टा उरतो आणि आग तिथे पाण्याविना वाढते. म्हणून रुंद डक्ट हे दुसरे छतच समजायचे आणि त्याला त्याची स्वतंत्र हेड द्यायची, हा यातला मूळ नियम.

विदर्भात हा प्रश्न मुख्यतः कापसाच्या कारखान्यांत येतो : हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट या पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये आणि सूतगिरण्यांत. जिनमध्ये कापूस आणि रुई हवेच्या ओढीने डक्टमधून फिरते. कापसासोबत आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला की ठिणगी उडते. मोकळ्या रुईवर ज्वाळा क्षणात पसरते, पण गठाणीत शिरलेली धग आतल्या आत बराच काळ धुमसते. त्यामुळे डक्टखालच्या कोरड्या पट्ट्यात गठाणी रचलेल्या असतील तर वरून कितीही पाणी पडले तरी उपयोग नाही. सूतगिरणीत दमट हवा पुरवणारे चौकोनी डक्ट रुंद असतात, तिथे हा पट्टाही तेवढाच मोठा होतो.

रुंदीचा निकष. भारतात आयएस १५१०५ ही संहिता आहे. आराखडे करणारे बरेच जण एनएफपीए १३ ही अमेरिकी संहिताही सोबत ठेवतात. दुसऱ्या संहितेनुसार १.२ मीटरपेक्षा रुंद स्थिर अडथळ्याखाली हेड लागतेच. लगतचे दोन डक्ट प्रत्येकी ७०० मिमीचे आणि मध्ये हातभर फट असेल, तर कागदावर दोन्ही सुटतात; पाण्याच्या दृष्टीने मात्र ते एकच. अशी जोडी एक धरून हेड देणे शहाणपणाचे.

अरुंद डक्टसाठी हेड बाजूला सरकवून भागते. डक्ट डिफ्लेक्टरच्या (हेडच्या टोकाची दातेरी चकती) खाली ४५० मिमीच्या आत असेल, तर त्याच्या रुंदीच्या तिप्पट अंतर सोडायचे, कमाल ६०० मिमी. १५० मिमीच्या डक्टपासून ४५० मिमी पुरे. हेड डक्टच्या कडेपासून ३०० मिमीच्या आत असेल तर दुसरा हिशेब चालतो : डिफ्लेक्टर डक्टच्या तळाच्या पातळीत किंवा त्याखाली हवा.

बसवणी. हेड डक्टच्या तळापासून ३०० मिमीच्या आत ठेवतात. त्याहून खाली लोंबते ठेवले की गरम हवा डक्टच्या पोटाला लागून कडेने वर निघून जाते आणि हेडमधला काचेचा बल्ब (तापून फुटला की पाणी सुटते) वेळेवर फुटत नाही. हेड डक्टच्या कडेलगत घ्यायचे असेल तर ७५ मिमीच्या आत आणि पाणकवच असलेले. कवच म्हणजे बल्बच्या डोक्यावरची पत्र्याची छोटी टोपी. गोल डक्टखाली ती हवीच, कारण वरच्या हेडचे पाणी गोलाईवरून घसरत तळाशी जमते आणि थेंब थेट बल्बवर पडतात. भिजलेला बल्ब तापत नाही. खाली आग असूनही हेड बंदच राहते. सपाट, रुंद डक्ट स्वतःच ती आडोशाची सोय करतो.

पाइप डक्टच्या पत्र्याला टांगू नये. आगीत पत्रा वाकतो आणि पाइपही घेऊन पडतो. आधार ट्रसचा किंवा कैचीचा घ्यावा. डक्टचेच आधार वापरायचे तर ते दोन्हींचे वजन, पाइपमधल्या पाण्यासकट, पेलतील इतके भक्कम हवेत.

बल्बचा रंग. लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३ अंश सेल्सिअसला फुटतो. नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा सुमारे ३० अंश वरचा बल्ब निवडतात. विदर्भात मे महिन्यात सावलीतच ४५ च्या पुढे पारा जातो, मग टिनालगतची हवा किती तापत असेल ते वेगळे सांगायला नको. तिथे ६८ चा लाल बल्ब लावला तर आगीशिवायच फुटून रुई भिजण्याची भीती, हिरवा सोयीचा. डक्टखाली उन्हाची थेट झळ नसते, तिथे बहुतेक वेळा पिवळा चालतो. गरम हवेच्या डक्टखाली मात्र तापमान मोजूनच ठरवावे.

बिघाड कुठे होतो. बहुतेक दोष मूळ आराखड्यात नसतात. हंगामाआधी नवे यंत्र येते, फॅब्रिकेटर डक्ट वळवून नेतो, आणि पाइपवाल्याला कोणी बोलावत नाही. दुसरा शत्रू तंतू. दोन महिने जिन चालली की हेडवर रुईची जळमटे लोंबू लागतात, बल्ब कापसाच्या बोळ्यात गुंडाळल्यासारखा दिसतो आणि तितकाच उशिरा तापतो. यंत्रे बंद असताना, नळी हेडला न लावता, हवेने किंवा व्हॅक्यूमने ती काढावीत. डक्ट रंगवताना हेडवर रंग उडाला असेल तर ते घासत बसू नये, बदलावे. हेडखाली ४५० मिमी मोकळी जागा हवी, आणि गठाणींची थप्पी चढवणाऱ्या हमालांना ती आकड्यात सांगून कळत नाही. खांबावर लाल पट्टा ओढलेला बरा.