इंटरनेटबंदी

इंटरनेटबंदी : शासनाच्या आदेशाने ठरावीक प्रदेशातील इंटरनेट सेवा ठरावीक काळापुरती जाणीवपूर्वक थांबवणे, अथवा ती निरुपयोगी ठरेल इतकी मंद करणे. केबल तुटणे, वीज जाणे किंवा यंत्रणेतील बिघाड यांमुळे पडणारा खंड यात मोडत नाही.

वेग कमी करणे हीदेखील बंदीच का, याबद्दल एकमत नाही. जोवर डेटाची पाकिटे (माहितीचे छोटे तुकडे) पोहोचतात तोवर सेवा चालूच आहे, असे दूरसंचार अभियांत्रिकीचा जुना निकष सांगतो. नागरी हक्कांच्या संघटना मात्र वापरणाऱ्यावर झालेला परिणाम पाहतात. जम्मू-काश्मीरमध्ये जानेवारी २०२० पासून टप्प्याटप्प्याने २जी सेवा सुरू झाली, पण ४जी पूर्ववत व्हायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. या काळात सेवा ‘चालू’ होती हे कागदावर खरे असले, तरी २जीवर दूरस्थ वर्ग किंवा क्ष-किरण प्रतिमा पाठवणे जवळपास अशक्य असते. त्यामुळे परिणामाचा निकष अधिक ग्राह्य वाटतो. एखाददुसरे संकेतस्थळ रोखणे हा मात्र वेगळा विषय असून त्याचा कायदाही वेगळा आहे.

पहिली इंटरनेटबंदी म्हणून बहुधा इजिप्तचे नाव घेतले जाते. २७ जानेवारी २०११ च्या मध्यरात्रीनंतर तेथील कंपन्यांनी सुमारे ३,५०० मार्गघोषणा मागे घेतल्या. आपल्या पत्त्यांकडे कोणत्या वाटेने यावे हे प्रत्येक जाळे बाहेरच्या जाळ्यांना सतत सांगत असते. हे सांगणेच थांबल्यावर देश जगाच्या नकाशावरून पुसल्यासारखा झाला आणि सेवा २ फेब्रुवारीला परतली. व्याप्ती व तंत्र पाहता हा टप्पा महत्त्वाचा खरा, पण पहिला नव्हे. १ फेब्रुवारी २००५ रोजी नेपाळच्या राजाने सत्ता हाती घेताना दूरध्वनीबरोबर इंटरनेटही तोडले होते, आणि सप्टेंबर २००७ मध्ये म्यानमारमध्येही तसेच घडले. भारतातील आरंभ नेमका सांगणे कठीण आहे. अयोध्या निकालाच्या वेळी सप्टेंबर २०१० मध्ये घाऊक एसएमएसवर देशभर घातलेली तात्पुरती बंदी ही या प्रथेची पूर्वपीठिका म्हणता येईल. इंटरनेटबंदीच्या नोंदी साधारणपणे २०१२ पासून मोजल्या जातात.

कायदेशीर आधाराचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. सुरुवातीला जिल्हा दंडाधिकारी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जमावबंदीच्याच कलमाखाली, कंपन्यांना आदेश देत. गुजरातेतील पाटीदार आंदोलनानंतर याला आव्हान दिले गेले, पण २०१५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने हा वापर वैध ठरवला. दुसरा आधार भारतीय तार अधिनियम, १८८५ च्या कलम ५(२) चा. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या दोनच कारणांपुरता हा अधिकार असल्याने तो अधिक अरुंद व म्हणून अधिक सुरक्षित होता. ऑगस्ट २०१७ मध्ये याच अधिनियमाखाली दूरसंचार सेवांच्या तात्पुरत्या स्थगितीचे नियम आले आणि अधिकार जिल्ह्याकडून राज्याच्या गृह सचिवांकडे गेला. तरीही काही राज्यांत कलम १४४ चे आदेश निघतच राहिले. विशेष नियम अस्तित्वात आल्यावर सामान्य कलमाचा आसरा घेणे योग्य नाही, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

१० जानेवारी २०२० रोजी, जम्मू-काश्मीरमधील बंदीला आव्हान देणाऱ्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनिश्चित काळाची स्थगिती अमान्य केली, आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक ठरवले आणि बंदी प्रमाणशीर, म्हणजे गरजेपुरतीच, असली पाहिजे असे सांगितले. इंटरनेट हा स्वतंत्र मूलभूत हक्क आहे का, यावर न्यायालयाने मत दिले नाही. इंटरनेटद्वारे होणारी अभिव्यक्ती व व्यवसाय यांना मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ चे संरक्षण आहे, असे म्हटले. नोव्हेंबर २०२० मध्ये एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस झाली. सध्याचा आधार दूरसंचार अधिनियम, २०२३ चे कलम २० आणि त्याखालील नोव्हेंबर २०२४ चे नियम हा आहे. आदेशात कारणे, स्पष्ट भौगोलिक क्षेत्र व मुदत लिहिणे आणि तो प्रसिद्ध करणे आता नियमातच आले आहे.

आदेश प्रत्यक्षात कसा उतरतो, याचे पुणे जिल्ह्यातील ठळक उदाहरण ९ ऑगस्ट २०१८ चे. मराठा आरक्षणासाठी पुकारलेल्या बंदच्या दिवशी शिरूर, खेड, जुन्नर, मावळ, बारामती, दौंड व भोर या सात तालुक्यांत खबरदारी म्हणून इंटरनेट थांबवण्यात आले. त्याआधी ३० जुलैला चाकण येथे हिंसाचार झाला होता. क्षेत्र तालुकावार ठरवणे महसुली यंत्रणेला सोयीचे असते, पण मोबाइल जाळ्याला तालुका ठाऊक नसतो. जाळे सेल, म्हणजे टॉवरवरून एका दिशेला सेवा देणारा भाग, ओळखते. एका टॉवरवर साधारणपणे तीन दिशांना तोंड केलेले सेल असतात. दाट वस्तीत प्रत्येकाची पोहोच काहीशे मीटर ते एखादा किलोमीटर, तर उघड्या शिवारात कित्येक किलोमीटर असते. पुण्याहून जाताना इंद्रायणीच्या अलीकडे मोशी ही पिंपरी-चिंचवडची हद्द, पलीकडे खेड तालुका. मोशीच्या टॉवरवरचा उत्तरेकडचा सेल नदीपलीकडच्या गावांनाही सेवा देतो. तो चालू ठेवला तर बंदी गळते, बंद केला तर आदेशात नसलेली वस्ती अंधारात जाते. भीमेच्या काठी हीच अडचण आहे : कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात आणि जयस्तंभ नदीच्या अलीकडे पेरणे येथे, हवेलीत.

२०१७ च्या नियमांनुसार आदेश पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत, लेखी किंवा सुरक्षित ईमेलने, कंपनीच्या नोडल (यासाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याकडे जात असे. तेथून पुढचे काम जाळे-नियंत्रण कक्षाचे. टॉवरच्या अक्षांश-रेखांशांवरून तालुक्याच्या सीमेत येणाऱ्या सेलची यादी काढतात, सीमेवरचे सेल हाताने तपासतात आणि मग यादी मध्यवर्ती यंत्रणेत भरतात. ही यादी जुनी असणे हा चुकांचा मोठा उगम आहे. नव्याने उभारलेला टॉवर किंवा यात्रेसाठी आणलेला फिरता टॉवर त्यात नसेल, तर तेवढ्या पट्ट्यात इंटरनेट चालूच राहते.

सेल सरसकट बंद करणे सर्वांत सोपे, पण त्याने आवाजी कॉलही जातात आणि ११२ किंवा १०८ ला फोन लागत नाही. म्हणून बंदी टॉवरवर न लावता जाळ्याच्या गाभ्यातील धोरण-नियंत्रकावर, म्हणजे कोणत्या फोनला कोणती सेवा द्यायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेवर, लावतात. येथे एक खाच आहे. ४जी जाळ्यात फोनची नोंदणी होताना एक मूळ डेटा-जोडणी तयार व्हावीच लागते. तीच नाकारली तर नोंदणीच फसते आणि ४जीवरून जाणारा आवाजही बंद पडतो. ज्या कंपनीकडे २जी आहे तिचे फोन निदान त्यावर उतरतात. केवळ ४जी जाळे असलेल्या कंपनीच्या ग्राहकाला तीही सोय नाही. योग्य पद्धत अशी : जोडणी जिवंत ठेवायची, आवाजासाठीचा वेगळा मार्ग मोकळा ठेवायचा आणि फक्त मूळ जोडणीवरची पाकिटे टाकून द्यायची. त्यामुळे बंदी असताना फोनवर ‘४जी’ हे चिन्ह दिसत राहते.

आदेश लागू होण्यालाही वेळ लागतो. ज्यांची जोडणी आधीच चालू आहे, त्यांचे स्थान नियंत्रकाला पुन्हा कळेपर्यंत त्यांचे इंटरनेट सुरू राहू शकते. बंदी उठवताना उलट अडचण येते. लाखो फोन एकदम पुनर्जोडणी मागतात, जोडणीच्या विनंत्या वाहणाऱ्या संकेतवाहिन्या तुंबतात, म्हणून सेलचे गट पाडून टप्प्याटप्प्याने सेवा सोडावी लागते. घरोघरच्या फायबर ब्रॉडबँडवर बंदी घालायची तर वेगळ्या यंत्रणेत, ग्राहकांच्या पत्त्यांनुसार काम करावे लागते. केवळ मोबाइलपुरत्या बंदीत ज्याच्याकडे वायरचे कनेक्शन आहे त्याला झळ लागत नाही. सारा भार बसतो तो मोबाइलवरच अवलंबून असलेल्यांवर.

यूपीआय अॅप, सिमकार्डवर चालणारी कार्ड-यंत्रे आणि रेशन दुकानांतील ई-पॉस यंत्रे लगेच थांबतात. ओटीपी एसएमएसने येतो, पण तो भरायला अॅप उघडत नाही. चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढाव्या लागणाऱ्या ई-वे बिलाचा प्रश्न उभा राहतो. एसएमएसने बिल काढण्याची सोय आहे, मात्र त्यासाठी मोबाइल क्रमांकाची आधी नोंदणी लागते. व्हीपीएन (जोडणी गुप्त मार्गाने नेणारी सोय) अशा वेळी उपयोगाचे नाही, कारण ते सामग्री लपवते. येथे पाकिटेच पुढे जात नाहीत.

आदेशाचा आढावा राज्यस्तरीय समिती घेते. मुख्य सचिव अध्यक्ष, विधी सचिव आणि गृह सचिवांव्यतिरिक्त एक सचिव, अशी तिची रचना २०१७ च्या नियमांत होती. बैठक पाच कामकाजाच्या दिवसांत व्हावी लागे. म्हणजे एक-दोन दिवसांची बंदी समिती बसण्यापूर्वीच संपलेली असे. संसदेच्या माहिती-तंत्रज्ञान स्थायी समितीने डिसेंबर २०२१ मध्ये समितीत निवृत्त न्यायाधीश व शासनाबाहेरच्या व्यक्ती घेण्याची शिफारस केली. दूरसंचार विभाग व गृह मंत्रालय या दोघांकडेही बंदीच्या एकत्रित नोंदी नाहीत, यावरही तिने बोट ठेवले. यात आणखी एक उणीव आहे : समितीत दूरसंचार अभियंता नाही. सात तालुके हवेत की चार रस्त्यांवरचे तीस सेल पुरेत, हे विचारणारा माणूस टेबलापाशी नसेल, तर प्रमाणशीरतेची कसोटी कागदावरच राहते. दूरसंचार विभागात भारतीय दूरसंचार सेवेतील अभियंते आहेत. प्रशासकीय पदावर आलेल्या अशा अधिकाऱ्याने सेलची यादी मागितली, तरच इंटरनेट स्वातंत्र्य या शब्दाला व्यवहारात अर्थ येतो.

बंदी आहे की बिघाड, हे बऱ्याच अंशी ओळखता येते. कॉल लागतो, एसएमएस जातो, ४जीचे चिन्ह आहे, पण कोणत्याही कंपनीवर एकही पान उघडत नाही आणि वायरचे ब्रॉडबँड चालू आहे, अशी स्थिती असेल तर बहुधा बंदी. एकाच कंपनीची सेवा आवाजासकट गेली असेल तर बहुधा फायबर तुटलेले असते. पुण्यात रस्तेखोदाईच्या काळात हे वारंवार घडते. खात्रीसाठी गृह विभागाचा प्रसिद्ध आदेश शोधावा. त्यात क्षेत्र, कारण व मुदत यांपैकी एखादी गोष्ट नसेल, तर त्या मुद्द्यावर उच्च न्यायालयात दाद मागता येते.