हृदयधमनी विकार : आनुवंशिक धोका

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत मेद साचून त्या अरुंद होतात. या विकाराकडे असलेला, रक्ताच्या नात्यातून आलेला कल म्हणजे आनुवंशिक धोका. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत अटॅक आला असेल, तर हा धोका धरूनच चालावे. ‘घरात हार्टचा त्रास आहे’ एवढ्याने भागत नाही. कोणाला आणि कितव्या वर्षी, हे डॉक्टरांना सांगावे लागते.

बहुतेकांत अनेक जनुके थोडाथोडा भार टाकतात. नवव्या गुणसूत्रावरचा, २००७ मध्ये उजेडात आलेला ९पी२१ हा पट्टा त्यांपैकीच. कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल या विकारात मात्र एकच सदोष जनुक पुरते. यकृताला रक्तातला एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) नीट उचलता येत नाही आणि तो जन्मापासून चढा राहतो. सुमारे २५० ते ३०० माणसांत एकाला हा दोष असतो. बाधिताच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मामाच्या मुलीशी सोयरीक जुनी आहे. कर्नाटकात काही समाजांत मामा-भाचीचेही लग्न होते. एकाच आजोबांकडून आलेला दोष नवराबायको दोघांत असला, तर अपत्याला तो दोन्हीकडून मिळण्याची शक्यता २५ टक्के. अशा मुलाचा एलडीएल बहुधा ४०० मिग्रॅ/डेलि (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या वर असतो आणि उपचाराविना विशीच्या आतही अटॅक येऊ शकतो. गुडघ्यांवर, कोपरांवर, कुल्ल्यांवर पिवळसर गाठी येतात. त्यांवर नुसते मलम लावण्यात वर्षे घालवू नयेत, रक्त तपासावे.

मोठ्यांत एलडीएल १९० मिग्रॅ/डेलि किंवा जास्त असेल तर आधी थायरॉईड व मूत्रपिंडाचे कारण वगळतात. टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी कंडरा) चिमटीत धरून पाहतात. ती जाड, गाठाळ लागली तर संशय बळावतो. पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढरट कडे दिसणे हीही खूण. अंगाने बारीक माणूस यातून सुटत नाही. अटॅकनंतर एक-दोन दिवसांनी घेतलेल्या रक्तात एलडीएल खोटा कमी दिसतो, म्हणून पहिल्या २४ तासांतला आकडा धरावा. एकाचे निदान झाले की आईवडील, भावंडे आणि मुले या सर्वांचे रक्त तपासणे अत्यावश्यक आहे.

स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाने आकडा उतरला की ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून गोळी सोडली जाते. दोष जागेवरच असल्याने एलडीएल काही आठवड्यांत पुन्हा चढतो. तंबाखू आणि विडी सोडणे हा उपचाराचाच भाग, आणि निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेच्या आसपास ते निक्षून सांगावे लागते.

लिपोप्रोटीन (ए) हा रक्तातला वेगळा आनुवंशिक मेदघटक नेहमीच्या लिपिड (मेदाच्या) तपासणीत येत नाही, तो मागून घ्यावा लागतो. बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासणे पुरते. ५० मिग्रॅ/डेलिच्या वर तो धोक्याचा मानतात. स्टॅटिनने तो उतरत नाही, म्हणून अशा रुग्णाचा एलडीएल अधिक खाली ठेवतात.